म्हैसूरचें अन्नशास्त्र-संमेलन

अन्न पिकविणें ही एक विद्या आहे आणि पिकलेलें अन्न राखणें ही दुसरी. पहिलीचा गौरव सर्वत्र होतो. दुसरी मात्र दीर्घकाळ गृहिणीच्या बरणींत व शेतकऱ्याच्या कणगींतच राहिली. भारतांत या दुसऱ्या विद्येस स्वतंत्र आसन मिळालें तें म्हैसुरास. २१ ऑक्टोबर १९५० रोजीं तेथील चेलुवांबा राजवाड्यांत मध्यवर्ती अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् हे तिचे पहिले संचालक. पुढें १९५७ सालीं त्याच नगरींत अन्नशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांचा संघ स्थापन झाला.

परदेशांत ग्रंथ विपुल असतां येथें निराळ्या संघाची व संमेलनांची गरज काय, असा प्रश्न सहज सुचेल. त्याचें उत्तर म्हशीच्या दुधांत सांपडतें. युरोपांतील बालान्नें गाईच्या दुधाचीं. भारतांत त्या काळीं दूध मुख्यतः म्हशीचें असे. त्यांत स्निग्धांश शेंकडा सुमारें ७, गाईच्या दुधांत सुमारें ४. शिवाय पोटांत त्याची गुठळी घट्ट बनते, म्हणून तान्ह्या मुलास तें जड जातें. म्हैसूरच्या संशोधकांनीं त्याचा स्निग्धांश कमी करून व योग्य संस्कार करून त्याचें बालान्न सिद्ध केलें आणि आणंदच्या सहकारी दुग्धसंघानें तें बाजारांत आणलें. तसेंच तेल काढून उरलेल्या भुईमुगाचें पीठ ७५ भाग व हरभऱ्याचें २५ भाग घेऊन, त्यांत जीवनसत्त्वें व चुना हीं द्रव्यें मिसळून, त्यांनीं एक स्वस्त पौष्टिक अन्न तयार केलें. असले प्रश्न येथल्या मातीचे; ते सोडविण्यास रसायनज्ञ, यंत्रज्ञ व कारखानदार एकत्र बसणें अवश्य होतें.

या विषयाची जागतिक परिषद प्रथम १९६२ सालीं लंडन येथें भरली. म्हैसूरच्या संघानें १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय संमेलन भरविलें, व पुढें साधारणतः दर पांच वर्षांनीं तें भरत गेलें. २०१८ सालीं तर जागतिक परिषदच मुंबईच्या परिसरांत भरली. लंडनहून भारतांत येण्यास तिला ५६ वर्षें लागलीं!

परंतु संमेलनाचें साफल्य निबंधांच्या संख्येवर मोजावयाचें नसतें. दमट पावसाळ्यांत धान्यास कीड लागूं नये, तान्ह्यास सोसेल असें दूध मिळावें, ही त्याची खरी कसोटी. तेथें वाचलेला निबंध कणगीपर्यंत व पाळण्यापर्यंत पोंचला, तरच ही दुसरी विद्या पहिलीच्या पंक्तीस बसली असें म्हणतां येईल.