दोष हाताचा की पात्याचा?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. काम बिघडले की हत्याराला बोल लावू नये, असा तिचा अर्थ सांगताना मला कधी शंका आली नाही. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्याच घरात असा एक प्रसंग घडला की, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते आणि आपण मात्र नाचणारीला नावे ठेवीत बसतो, हे मला कबूल करावे लागले. ती कबुली म्हणजेच हा लेख.

आम्ही नांदेडला राहतो. आईचे माहेर लातूरकडचे. आमच्या मराठवाड्यात भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी नसेल, तर ताट पुरते वाढले असे कोणी मानीत नाही. आणि आईची चटणी तर नात्यागोत्यात प्रसिद्ध. पूर्वी ती उखळात कांडीत असे. दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरे. मुसळाचे घाव असे मोजके की दाण्याला तेल सुटावे, पण त्याचा लगदा होऊ नये. पुढे घरात मिक्सर आला. आईने त्यालाही आपली रीत शिकविली. एकदम फिरवायचा नाही. क्षणभर चालू, क्षणभर बंद, मध्येच झाकण काढून चमच्याने खालीवर करायचे. वर्षानुवर्षे चटणी तशीच होत राहिली.

मग केव्हापासून कोण जाणे, ती बिघडू लागली. वर अर्धे दाणे तसेच, खाली मात्र चिकट गोळा. पहिल्यांदा आमचे चिरंजीव बोलले, "आजी, पहिल्यासारखी नाही झाली गं." मुलांच्या बोलण्याला धरबंध नसतो, पण मी तरी गप्प बसावे की नाही? मी शहाणपणाने म्हणालो, "अरे, वयाप्रमाणे हात थकायचाच." मला वाटले, मी आईची बाजूच घेतली!

आई काहीच बोलली नाही. पुढच्या आठवड्यात चटणी झाली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. दसऱ्याला ताटात पडली ती बाजारची, पुडीतली. सौ.ने विचारले तर आई म्हणाली, "मिळते आहे की बाहेर चांगली." विषय तिथेच मिटला असता, पण लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, आई परवा मला विचारत होती, म्हातारपणी जिभेची चव जाते का गं? काय झालंय घरी?"

त्या रात्री मी स्वयंपाकघरात गेलो. जेवायला बसणे आणि दिवाळीत डबे धुंडाळणे ह्यापलीकडे त्या प्रांतात माझा फारसा वावर नाही. मिक्सरचे मधले भांडे घेतले, बॅटरी लावली आणि आत पाहिले. मराठीत पाते हा शब्द मोठा गुणी. गवताचे पाते, तलवारीचे पाते, विळीचे पाते; डोळ्याचे पातेही लवते न लवते. ह्या सगळ्यांत टोक असते किंवा धार असते. त्या भांड्यात ह्यांपैकी काहीच नव्हते. चारही टोके नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. आम्ही सगळे आईच्या हाताकडे पाहत होतो. पात्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भांडे घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्याचं पातं आता येत नाही. कशाला खर्च करता? जुना द्या, नवा न्या." मोटर उत्तम होती, भांडी शाबूत होती; चार बोटे लांबीच्या पोलादासाठी सबंध यंत्र मोडीत काढायचे! मी भांडे तसेच घरी आणले. दिवाळीनंतर आई भाऊबिजेच्या निमित्ताने माझ्याबरोबर बहिणीकडे निघाली, तेव्हा ते भांडे मी सामानात ठेवले. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लाल गाडीने आम्ही लातूर गाठले.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे वेगळे वर्णन नको. १९१७ साली आखलेली ही गोल बाजारपेठ. मध्ये देवीचे मंदिर आणि सोळा रस्ते चहूकडून येऊन मिळालेले. त्यांतल्याच एका रस्त्याच्या पोटात बहिणीच्या यजमानांच्या ओळखीचा एक मिस्त्री बसतो. दुकान कसले, एक फळी आणि तिच्यामागे माणूस. पण फळीखालच्या डब्यांत नाना तऱ्हेची पाती, वायसर आणि बुश नीट वेगवेगळे लावलेले.

त्याने भांडे उलटे केले, सुलटे केले, दोन बोटांनी पाते हलवून पाहिले. मग आईकडे वळून विचारले, "मावशी, मसाला वाटताना भांडं लई गरम होतंय का?"

"होतंय बाबा."

"आन् बारीक व्हायला येळ लागतोय?"

"लागतोय की."

"मग तुमचा हात कशाला थकंल? पातं गेलंय."

त्याला आमच्या घरातले काही ठाऊक नव्हते. तो आपल्या धंद्यातले बोलला. पण आईने माझ्याकडे जे पाहिले, ते मी अजून विसरलेलो नाही.

नवे पाते बसवता बसवता त्याने मला जे समजावून दिले, ते वाचकांनाही सांगण्याजोगे आहे. मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. तेवढ्या वेगात कोरडा पदार्थ चिरला जातो त्याहून अधिक फुटतो. पात्याच्या कडेचा घाव त्याच्यावर बसतो. कडा गोल झाली की घाव बसण्याऐवजी पदार्थ नुसता ढकलला जातो. मग आपण मिक्सर अधिक वेळ चालवतो. अधिक वेळ म्हणजे अधिक उष्णता. शेंगदाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेलच असते. ऊब मिळाली की ते भराभर सुटते आणि तळाशी गोळा होतो, वरचे दाणे मात्र अस्पर्श राहतात. मसाल्याचेही तेच. त्याचा वास जो डब्यात राहायचा, तो वाटतानाच घरभर जातो. आणि ह्या जादा श्रमांचा भार शेवटी मोटरवर येतो तो वेगळाच.

"पन सर," तो म्हणाला, "दर वेळी पातंच जातंय असं नाही." पाते वरखाली किंवा आजूबाजूला हलत असेल, तर आतला बुश झिजलेला असतो, मग भांड्याच्या बुडातून काळपट पाणी गळू लागते. मोटर फिरते आणि पाते थांबून राहते किंवा खडखडते, तेव्हा बहुधा भांड्याखालच्या कपलरचे दात गेलेले असतात. ते काम तर त्याहून स्वस्त. आमच्या भांड्यात बुशही सैल झाला होता. पाते, बुश, वायसर आणि मजुरी मिळून अडीचशे रुपये झाले.

आई फळीजवळच्या स्टुलावर बसून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे जात्याला टाकी लावल्यावानीच की हे."

"तसंच, मावशी. म्या टाकीवालाच," मिस्त्री हसला.

आईच्या ह्या एका वाक्याने मला जे उमगले, ते पुस्तकांतून उमगले नव्हते. आपल्या काळ्या पाषाणाचे जाते दळून दळून गुळगुळीत होई. मग छिन्नी-हातोडी घेतलेल्या बाया दारावरून ओरडत जात, त्यांना बोलावून जात्याला, पाट्याला टाकी लावून घ्यायची. त्यानंतर पहिली मूठभर दळण टाकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच येते. हे सगळे घरातल्या बाईला पाठ होते. पीठ जाडे येऊ लागले, तर सासूही सुनेला बोलण्याआधी म्हणे, "टाकी लावायला झाली वाटतं." दगड झिजतो, त्यात दळणारीचा काही दोष नाही, हे त्या रिवाजातच मान्य होते. मिक्सर आला आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर तो रिवाजही गेला. यंत्राला झीज नसते असे आपण धरून चाललो, आणि मग बिघडलेल्या पदार्थाचे खापर फोडायला उरला तो बाईचा हात.

गंमत अशी की, आपल्या देशी मिक्सरचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या अडचणीतून झाला. मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथूर ह्यांच्या घरी परदेशी मिक्सर होता. तो बिघडला आणि येथे नीट करून देणारे कोणी मिळेना. त्यांच्या पत्नी माधुरीबाई ह्यांनी यजमानांपुढे पेच टाकला आणि त्यातून आपल्या ओल्या-सुक्या वाटणाला टिकेल अशा यंत्राची घडण झाली. १९६३ साली 'सुमीत' बाजारात आला. परदेशी यंत्र नाजूक पेयांसाठी. आपल्याकडे मात्र हळकुंडापासून डाळीपर्यंत सगळ्यांशी गाठ! ज्या यंत्राचे मूळ अशा अडचणीत आहे, तेच आज एका पात्यापायी भंगारात जावे, ह्याला काय म्हणावे?

हा प्रश्न काही आपल्याच गल्लीतला नाही. अॅमस्टरडॅम शहरात २००९ साली मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र बसून मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा मेळा भरवला, आणि ती चाल पुढे देशोदेशी पसरली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे संकेतस्थळही उघडले. त्यात घरगुती उपकरणांचा समावेश आहे. गंजगोलाईतल्या त्या फळीमागच्या माणसाला ह्याची वार्ता असेल-नसेल. तो ते काम रोज करीत आहे.

तेव्हा वाचकहो, भाजणी नि पिठीसाखर, वेलदोडे नि मसाला ह्यांच्या धांदलीत एक काम आठवणीने करा. मिक्सरची पिन भिंतीवरून काढा आणि भांड्यात नीट उजेड पाडून पाहा. टोके गोल झाली असतील, पाते हलत असेल, बुडातून गळत असेल, तर भांडे मिस्त्रीकडे न्या. पाते त्याच बनावटीचे मागा; प्रत्येकाचे आटे नि माप सारखे नसते. घरी खोलायचेच असेल, तर पाते जाड फडक्यात धरा आणि आटे बहुधा उलटे असतात हे ध्यानात ठेवा. बसवून झाले की आधी नुसते पाणी घालून फिरवा, गळत नाही ना ते पाहा. खडेमीठ फिरवले की धार येते, ही समजूत मात्र सोडून द्या. मीठ पोलादाहून कितीतरी मऊ. ते पोलादाला काय धार लावणार? उलट ओलसर मीठ आत राहिले, तर पात्याला बारीक खड्डे पडतात. त्याच कारणाने चटणीचे भांडे रात्रभर तसेच ठेवू नये.

नांदेडला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने दाणे भाजायला घेतले. मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. क्षणभर चालू, क्षणभर बंद. झाकण काढून चमचा फिरवला, पुन्हा क्षणभर. चटणी पहिल्यासारखीच झाली होती, मोकळी आणि तेलाने तुकतुकीत. चिरंजिवांनी दोनदा मागून घेतली. मी एक घास खाल्ला, आणि खरे सांगायचे तर जीभ आवरली नाही. म्हणालो, "आई, मीठ जरा जास्त झालंय का?"

आई भाकरी थापत होती. वर न पाहताच म्हणाली, "झालं असेल. ते माझ्या हातचं आहे, त्याला मिस्त्री नको."