मक्याची यंत्राने काढणी : दाणा अखंड कसा राखावा

मका हे पीक आज केवळ गुरांच्या वैरणीपुरते किंवा शेकोटीवर भाजलेल्या कणसापुरते उरलेले नाही. नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर इत्यादी जिल्ह्यांत खरिपाचे एक प्रमुख नगदी पीक म्हणून त्याला स्थान मिळाले असून, त्याचा मोठा भाग कोंबड्यांचे खाद्य व स्टार्च तयार करणारे कारखाने खरेदी करतात. मजुरांची टंचाई आणि परतीच्या पावसाची धास्ती यांमुळे अनेक शेतकरी आता कणसे हाताने खुडण्याऐवजी कापणी-मळणीचे संयुक्त यंत्र, म्हणजे हार्वेस्टर, भाड्याने आणू लागले आहेत. त्यामुळे वेळ वाचतो हे खरे. परंतु पुष्कळदा टाकीतून पडणारा माल फुटक्या दाण्यांनी व बुरकुंडांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. 'यंत्राने काढले की दाणा फुटायचाच' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. ही समजूत बरोबर नाही. यंत्र मक्यासाठी नीट जुळवून न घेतल्याने बहुतेक दाणा फुटतो, आणि ही जुळवणी शेताच्या बांधावर अर्ध्या तासात करता येते.

फुटका दाणा म्हणजे काय नुकसान?

दाण्याची साल हे त्याचे चिलखत होय. ती तडकली की आतील पिठूळ भाग उघडा पडतो व तेथे बुरशीला आयता थारा मिळतो. 'अॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी ओलसर, फुटक्या मक्यावर झपाट्याने वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतून ते विष त्यांच्या पोटात गेले होते, असे पुढे सिद्ध झाले आणि तेव्हापासून हे विष जगाला माहीत झाले. यास्तव कोंबडी-खाद्याचे खरेदीदार फुटक्या व काळवंडलेल्या मालाकडे संशयाने पाहतात. फुटक्या दाण्याला सोंडेही लवकर लागतात, आणि ढिगातील बारीक चुरा मोकळ्या जागा बुजवीत असल्याने हवा खेळत नाही व माल तापतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये ठरविली. परंतु ती किंमत चांगल्या प्रतीच्या मालासाठी असून ओलाव्याची मर्यादा १४ टक्के आहे. शेतात वर्षभर केलेल्या कष्टांचे मोल काढणीच्या एका दिवसात कमी होऊ नये, हाच जुळवणीचा हेतू.

काढणीची योग्य वेळ

दाण्याचे बूड नखाने खरवडून पाहावे. तेथे काळा थर दिसू लागला म्हणजे दाणा पक्व झाला, त्याचे वजन आता वाढणार नाही, असे समजावे. मात्र त्या वेळी दाण्यात सुमारे ३० ते ३५ टक्के ओलावा असतो व यंत्रात घातल्यास तो चेचला जातो. उलटपक्षी, ओलावा १५ टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत वाट पाहिली तर दाणा ठिसूळ होऊन तडकतो, ताटे मोडतात आणि कणसे जमिनीवर गळतात. आपल्याकडे माल प्रायः उन्हातच वाळवावा लागतो. त्यामुळे १८ ते २० टक्के ओलावा असताना काढणी करणे सोयीचे होय. ओलावा दाताने चावून अजमावण्यापेक्षा ओलावामापकावर पाहावा. एकाच शेतात उंचवट्याचा व सखल भागाचा ओलावा वेगळा असतो, म्हणून निदान तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत.

वाळवल्याने वजन घटते म्हणून काही शेतकरी ओला मालच विकणे पसंत करतात. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला तर ९३ किलो भरतो. गेलेले ७ किलो हे पाणी होते, धान्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कणीस तोडणारा भाग

यंत्राच्या पुढील हेडरमध्ये प्रत्येक ओळीसाठी दोन रोळ असतात. ते ताट खाली ओढतात आणि त्यांच्या वरील दोन पट्ट्यांवर कणीस अडून तुटते. या पट्ट्यांमधील फट ताट जाण्याइतकी रुंद, पण कणसाच्या बुडापेक्षा अरुंद असावी. पुढे सुमारे ३२ मिलिमीटर व मागे सुमारे ३५ मिलिमीटर या फटीपासून आरंभ करावा. फट फार रुंद झाली तर कणसाचे बूड रोळांत सापडून दाणे तेथेच उडतात. फार अरुंद झाली तर ताटे मोडून पाल्यासह आत जातात.

यंत्राची चाल ताशी सुमारे ४ किलोमीटर ठेवावी. ३० मीटर अंतर मोजून खुणा कराव्यात. ते कापण्यास २७ सेकंद लागले तर चाल बरोबर आहे. शेतातील ओळींतील अंतर व हेडरमधील अंतर यांचा मेळ असणे आवश्यक आहे. ज्यांना यंत्राने काढणी करावयाची आहे, त्यांनी याचा विचार पेरणीच्या वेळीच केला पाहिजे.

ड्रम आणि जाळी

दाणा फुटण्याचे मुख्य ठिकाण मळणीचा ड्रम होय. पुष्कळदा हेच यंत्र आदल्या आठवड्यात सोयाबीनमध्ये किंवा मागील हंगामात गव्हात चाललेले असते. गव्हासाठी ड्रम वेगाने फिरवितात व ड्रमखालील अर्धगोल जाळी जवळ आणून ठेवतात. ती जुळवणी मक्याला घातक ठरते.

ड्रमच्या आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे मिनिटास ६०० वरून ४५० वर आणले, तर वेग चतुर्थांशाने कमी होतो, पण आघाताची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून प्रथम फेरे कमी करावेत. यंत्राच्या पुस्तिकेत मक्यासाठी दिलेल्या फेऱ्यांपैकी सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करावी व दाणे कणसाला चिकटून राहू लागले तरच थोडेथोडे वाढवावेत.

ड्रम व जाळी यांमधील अंतर पुढच्या बाजूस २५ ते ३० मिलिमीटर व मागील बाजूस १५ ते २० मिलिमीटर ठेवून पाहावे. या अंतराची खरी कसोटी मात्र बुरकुंडावर घ्यावी. यंत्रामागे पडलेली बुरकुंडे हातात घेऊन बघावीत. ती अखंड किंवा फार तर दोन तुकड्यांत, आणि दाण्यांवाचून असतील तर अंतर योग्य आहे. बुरकुंडाचा चुरा होत असेल तर अंतर वाढवावे वा फेरे कमी करावेत. बुरकुंड अखंड असून त्यावर दाणे राहत असतील तर अंतर थोडे कमी करावे. तरीही राहिले तर पीक अजून ओले आहे असे समजून दोनतीन दिवस थांबावे.

ड्रममध्ये माल भरपूर व एकसारखा गेला पाहिजे. कणसे एकमेकांवर घासूनही दाणे सुटतात व आघात वाटला जातो. अर्धवट रिकाम्या ड्रममध्ये दाणा अधिक फुटतो.

चाळणी व पंखा

वरची चाळणी सुमारे १६ मिलिमीटर व खालची सुमारे १२ मिलिमीटर उघडून आरंभ करावा. मक्याचा दाणा जड असल्याने पंख्याचा वारा बराच जोरात ठेवता येतो. टाकीत पाला व बुरकुंडांचे तुकडे येत असतील तर वारा वाढवावा किंवा चाळणी किंचित मिटवावी. टाकीतील माल स्वच्छ, पण यंत्रामागे दाणे सांडत असतील तर वारा कमी करावा. खालची चाळणी फार मिटलेली असेल तर चांगले दाणेही पुन्हा मळणीसाठी परत जातात व दुसऱ्यांदा मार खाऊन फुटतात.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर २० ते ३० मीटर यंत्र चालवून परिणाम पाहावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने काय साधले ते कळत नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

टाकीतून १०० दाणे न निवडता घ्यावेत व फुटके वेगळे मोजावेत. न दिसणारे तडे ओळखण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणाचे थोडे थेंब पेलाभर पाण्यात टाकून त्यात उरलेले दाणे मिनिटभर बुडवावेत व धुवावेत. बुडाकडील टोक सोडून इतरत्र काळीनिळी रेघ दिसली तर तेथे साल तडकलेली आहे. हे दाणे नंतर फेकून द्यावेत.

सांडलेल्या दाण्यांसाठी यंत्रामागे दोरीने एक चौरस मीटर जागा आखून दाणे मोजावेत. २० दाणे म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम, अर्थात हेक्टरी जवळजवळ ५४ किलो. २,४०० रुपयांच्या दराने सुमारे १,३०० रुपये. अखंड कणसे गुंठ्यात मोजावीत. सव्वाशे ग्रॅम दाण्याची चार कणसे एका गुंठ्यात आढळली तर एकरी २० किलो मका शेतात राहिला. काढणीपूर्वीच गळालेली कणसे उभ्या पिकात मोजून यातून वजा करावीत.

जिवाची काळजी

हेडर तुंबला असता रोळ फिरत असताना हाताने ताट ओढण्याचा मोह कदापि करू नये. माणसाने ताट सोडण्यापूर्वीच रोळ हात आत ओढून नेतात. इंजिन बंद करून, किल्ली काढून व सर्व भाग थांबल्यावरच हात घालावा. वाळलेला पाला इंजिनाजवळ साचू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

यंत्रचालकाचे भाडे एकरावर वा तासावर ठरते. एकरावर ठरले असता जुळवणीला लागणारा वेळ त्याला तोट्याचा वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे यंत्र ठरवितानाच 'पहिला अर्धा तास जुळवणीचा' असे बोलून घ्यावे. कार्यकर्त्यांनी शेजारच्या पाचसात शेतकऱ्यांना एकत्र करून, एकाच यंत्राला ओळीने काम मिळेल अशी व्यवस्था केल्यास चालकही सहकार्य करतो. ओलावामापक, दोरी व मोजपट्टी एवढ्या साहित्यावर हे प्रात्यक्षिक होते. सकाळी दव असताना केलेली जुळवणी दुपारच्या कडक उन्हात चालत नाही. म्हणून दुपारी पुन्हा एकदा दाणे तपासावेत.

काढलेला माल ओला असताना पोत्यांत भरून ठेवू नये. तो त्याच दिवशी ताडपत्रीवर पातळ पसरावा, रात्री झाकावा आणि साठवावयाचा असल्यास ओलावा १२ टक्क्यांपर्यंत उतरवावा. टाकीत पडलेला अखंड दाणा पोत्यातही अखंड व कोरडा राहिला, म्हणजेच शेतकऱ्याच्या श्रमाचा पुरा मोबदला त्याच्या पदरी पडेल.