वीस फुटांतला लॅग

धायरीत रायकर मळ्याजवळच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्या पोराने हट्टाने १०० एमबीपीएसचा प्लॅन २००चा करून घेतला होता. गेम तरीही अडकायचाच. तक्रार बघायला आलेल्या केबलवाल्या दादाने प्लॅनचं नावही काढलं नाही. त्याने बेडरूममधल्या कॉम्प्युटरवर कमांडची काळी विंडो उघडून हॉलमधल्या राउटरलाच पिंग लावला, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मिलिसेकंदांचे आकडे उतरू लागले : ३, ४, ३, ९१, ५, ६८.

“बघ, घरातच मार खातंय.”

व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे धायरी-मुंबई जाऊन-येऊन निव्वळ प्रवास दोनेक मिलिसेकंदांचा. आणि हॉलपासून बेडरूमपर्यंतच्या वीस फुटांत ९१! हा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो. तेवढ्या झटक्यात त्याचे अकरा हिशेब होऊन जातात; पोराच्या स्क्रीनवर जो शत्रू अजून भिंतीआड असतो, त्याने तिकडे गोळी झाडलेली असते. खेळाला डेटा लागतो थोडाच, पण वेळेवर लागतो. २००चा प्लॅन इथे काय करणार?

वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीच्यांनी थांबायचं, हवा मोकळी आहे का ऐकायचं, मग बोलायचं. हवेत गेलेलं डेटाचं पाकीट हरवलं की पुन्हा पाठवायचं. दादाने मोबाइलवर दाखवलं : २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर अख्ख्या विंगचे राउटर दाटीवाटीने बसलेले. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना ती लहर दमते. राउटर मात्र सगळ्यांचा दाराशी, चपलांच्या कपाटावर. फायबर तिथून आत येते ना!

मग वायफाय सोडून राउटरपासून बेडरूमपर्यंत केबल ओढायची ठरली. खरं काम पुढेच. “भिंतीला भोक पाडू नका हां, नुकताच रंग दिलाय,” काकूंनी बजावलं. बिल्डरने टेलिफोनसाठी टाकलेला पाइप भिंतीत होताच. दादाने त्यातून स्टीलची स्प्रिंग सरकवली, टोकाला कॅट-६ केबल बांधली आणि बेडरूममधून हळूहळू ओढून घेतली. विजेच्या पाइपातून ती नेत नाहीत. ते धोक्याचं असतं. केबलची तारही त्याने खरवडून पाहिली होती. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, पण वाकवताना तुटतं. मग आठ तारा उलगडून सरळ केल्या : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगमध्ये सरकवून क्रिम्पर दाबला. पुन्हा पिंग. प्रत्येक ओळीत एकाहून कमी.

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्या धाकट्याला या केबलचा उपयोग नाही. त्याने राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झ पकडावं, एवढंच. आणि कोणी ड्राइव्हवर लग्नाचे व्हिडिओ चढवत असेल, तर अपलोडची रांग राउटरमध्येच तुंबते. मग केबलवर खेळणाऱ्या पोरालाही थांबावं लागतं. त्यासाठी दादाने राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घातली.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. बेनकर वस्तीत कुणाच्या ओएनटीवर, म्हणजे फायबरच्या डब्यावर, लाल दिवा लागला होता. लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही; मग भांडण वायर आणि वायफायचं उरत नाही, खांबावर चढावं लागतं.