रोझाचं पत्र आणि बहिणीचं ग्रीटिंग

नोकरीनिमित्त दार-ए-सलामला येऊन पाच वर्षं झाली. कामापुरती स्वाहिली जमायला लागली, तेव्हा ऑफिसातल्या सहकाऱ्याने एक कादंबरी हातात ठेवली. युफ्रेझ केझिलाहाबी यांची 'रोझा मिस्टिका'. १९७१ साली आलेली आणि काही काळ टांझानियाच्या शाळांत बंदी असलेली.

गोष्ट व्हिक्टोरिया सरोवरातल्या उकेरेवे बेटावरची. रोझाचा बाप झकारिया दारुडा, पण मुलीच्या बाबतीत भलता कडक. एका मुलाचं पत्र त्याच्या हाती लागतं आणि रोझाला बेदम मार बसतो. पुढे शिक्षणासाठी ती घराबाहेर पडते, पुरुषांच्या संगतीत वाहवत जाते. शेवटी लग्न ठरलेला चार्ल्स ती कुमारिका नाही म्हणून तिला सोडतो. रोझा जीव देते.

पहिल्यांदा वाचून वाटलं, धाक सुटला आणि पोरगी बिघडली. मग फ्रॉइड वाचला. तो म्हणतो, दाबलेली इच्छा नाहीशी होत नाही, वेश बदलून परत येते. आम्हा प्रोग्रामरना हे लगेच पटतं. मेसेज लपवला म्हणून एरर जात नाही. शिवाय आईबापाचा दटावणारा आवाज मुलाच्या मनातच मुक्कामाला येतो, त्याला तो सुपरइगो म्हणतो. झकारिया बेटावर राहिला, पण त्याचा मार रोझाबरोबर वसतिगृहात गेला. शेवटी तिने स्वतःला केलेली शिक्षा मला त्याच हाताची वाटते.

पण सगळंच काही तिच्या मनात घडत नाही. चार्ल्स बाहेरचा माणूस आहे आणि त्याला कौमार्याचा जाब कोणी विचारत नाही. स्वाहिलीत लाजेला 'आइबू' म्हणतात. आपला 'ऐब' त्याच अरबी मुळातला, पण आपल्याकडे त्याचा अर्थ दोष. लाज रोझाच्या वाट्याला आली. ऐब मात्र इतरांचा होता.

हे सुचलं आणि मी गप्प झालो. बारावीत असताना धाकट्या बहिणीच्या दप्तरात मला एका मुलाचं ग्रीटिंग सापडलं होतं. मीच ते बाबांना नेऊन दिलं. मार नाही बसला, पण तिचा क्लास बंद झाला आणि घरातलं बोलणंही. 'किती शांत मुलगी' म्हणून आम्ही तिचं कौतुक करायचो.

गेल्या रविवारी तिला फोन केला. ती म्हणाली, "दादा, ते कार्ड मी केव्हाच विसरले. तू दिलंस, हे नाही विसरले."

मी माफी मागितली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "इंग्रजीत मिळतं का रे ते पुस्तक?"

मिळतं. मागवलंय.