जोड असावा सुटणारा!

'फर्निचर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा होस्टेलचा डुगडुगणारा पलंग येतो. तो का डुगडुगतो याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला मला महाडच्या पुराने लावलं.

आमचं गाव कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला. आत्या महाडला राहते. सावित्री आणि गांधारी फुगल्या की पाणी तिच्या उंबऱ्याशी आलंच म्हणून समजा. २२ जुलै २०२१ च्या पुरात भांडी, गाद्या, दप्तरं सगळं वरच्या मजल्यावर गेलं. राहिलं ते कपाट, कारण जिन्याच्या वळणात ते मावेना. "अगं, हे सुटं होऊनच आलं होतं ना?" काकांना आठवलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. दोन जोड सुटले, तिसऱ्याचा स्क्रू भुश्यासकट हातात आला आणि तोवर घरात गुडघाभर पाणी! पूर ओसरल्यावर पाहिलं तर फळ्या चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुगलेल्या.

पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर आत्याच्या मुलासाठी अभ्यासाचं टेबल बनवायचं ठरलं. अट एकच : दहा मिनिटांत सुटं होऊन जिन्याने वर गेलं पाहिजे. आता प्रश्न आला जोड कोणता वापरायचा? बाजारात मुख्यतः तीन मिळतात.

पहिला मिनीफिक्स. एका फळीच्या अंगात खिळ्यासारखा बोल्ट पिळायचा, दुसऱ्या फळीत १५ मिमी व्यासाची गोल चकती बसवायची. चकतीच्या आत एका बाजूला सरकत जाणारी खाच असते (आपल्या 'कॅम'चंच धाकटं भावंड!). चकती अर्धा फेरा फिरवली की ती बोल्टचं डोकं ओढून घेते आणि फळ्या घट्ट होतात. दिसायला सुबक, लावायला झटपट. पण हा जोड फक्त ओढतो. आडवा भार पेलायला आणि फळ्या जागेवर ठेवायला शेजारी ८ मिमीच्या लाकडी खुंट्या हव्यातच. शिवाय बोल्टचे आटे थेट फळीत असतात, आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे डिंकाने दाबलेला चुरा. ओल लागली की त्याची पकड संपली.

दुसरा कन्फर्मॅट. जाड, रुंद आट्यांचा स्क्रू, बहुधा ७ बाय ५० मिमी. समोरच्या फळीला ७ मिमीचं आरपार भोक, दुसरीच्या कडेत ५ मिमीचं. एकदा बसवून विसरायचं असेल तर हा उत्तम. पण पुन्हापुन्हा काढला की कडेतले आटे झिजतात आणि स्क्रू नुसता गरागरा फिरतो.

तिसरा बोल्ट आणि आडवा गोल नट. १० मिमी व्यासाचा धातूचा छोटा दांडा, त्याच्या पोटात आडवे आटे. दांडा फळीच्या पृष्ठभागातून आत बसतो, एम ६ बोल्ट कडेकडून येऊन त्यात घुसतो. इथे आटे धातूचे धातूत, लाकडावर येतो तो फक्त दाब. म्हणून कितीही वेळा खोला, लाकूड कुरतडत नाही. कष्ट मात्र भोकं पाडताना : दोन्ही भोकांच्या रेषा बरोबर छेदल्या पाहिजेत, एक-दोन मिमीची चूक झाली की बोल्ट नटाला भेटतच नाही. नटाच्या तोंडावरची खाच बोल्टच्या दिशेला वळवायला विसरू नका. (मी विसरलो. अर्धा तास गेला.)

आम्ही तिसरा निवडला. फळ्या आयएस ७१० मरीन प्लायच्या, १८ मिमी. खुंट्यांना डिंक एकाच बाजूने. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर, नाहीतर जोरात आवळल्यावर प्लाय दबतो. बोल्ट षटकोनी डोक्याचे घेतले. ॲलन की वेळेला सापडत नाही आणि तिच्या खाचेत चिखल बसतो, पण १० नंबरचा पाना घरात असतोच. तो दोरीने टेबललाच बांधून ठेवला.

टेबल गावी बनलं आणि चार फळ्या, आठ बोल्ट होऊन टेंपोतून महाडला गेलं. पहिल्या 'ट्रायल'ला आत्याला चौदा मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी आठ!

सारांश काय, तर जोड निवडताना 'किती मजबूत' एवढंच विचारू नका. किती वेळा खोलणार, कोण खोलणार आणि कशाने, हेही विचारा. ज्याला आयुष्यभर एकाच भिंतीला टेकून राहायचंय त्याला कन्फर्मॅट. कोरड्या घरात, वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलणार असेल तर मिनीफिक्स. आणि नदीकाठी राहत असाल तर बोल्ट-नट.

गेल्या पावसाळ्यात नदी वाढल्याचं कळताच आत्याने कुणाला न विचारता टेबल खोलून वर नेलं. पाणी आलंच नाही. "मग उगाच दमलीस की!" मी फोनवर म्हणालो. ती म्हणाली, "दमले खरी, पण रात्री झोप लागली."

व्हायवाला यापेक्षा चांगला शेरा मला अजून मिळालेला नाही.