सेवाग्रामचा फोन आणि गावच्या ग्रुपवरची पीडीएफ

ज्यांना गाडीत रेंज मिळत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

सुरुवात एका पीडीएफपासून करतो. मागच्या वर्षी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी आली. टीबीच्या रुग्णांची. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर, औषध कधी सुरू झालं, सगळं. मूळ यादी कुठल्यातरी कार्यालयाच्या कामाच्या ग्रुपसाठी होती. तिथून कुणीतरी ती चुकून दुसऱ्या ग्रुपवर टाकली आणि तासाभरात ती आमच्याकडे पोचली. त्यात माझ्या मामेबहिणीचं नाव होतं. तिचे औषधाचे सहा महिने संपत आले होते, तब्येत चांगली होती आणि घरात लग्नाची बोलणी चालू होती.

मामीनं मला विचारलं, "काय रे, त्या व्हॉट्सॲपवर तं लिहून असते ना, का तुमचे मेसेज दुसरं कोणी वाचू शकत नाही म्हणून? मंग हे साऱ्या गावानं कसं वाचलं?"

मामीचा प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा भाग म्हणजे त्याचंच उत्तर आहे.

थेट म्हणजे गुप्त नव्हे

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सेवाग्राम आश्रम आपण बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. तिथे बापूंच्या कार्यालयात एक जुना टेलिफोन आहे. व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट संपर्क राहावा म्हणून तो बसवून घेतला होता. आजच्या भाषेत हॉटलाइन.

लहानपणी मला वाटायचं, व्हाईसरॉयचा फोन म्हणजे किती सुरक्षित असेल! पण विचार करा. त्या काळात लांबचा कॉल ऑपरेटर हातानं जोडून द्यायचा. त्यानं मध्येच कान लावला तर तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. तारा सरकारच्या, एक्स्चेंज सरकारचं, आणि १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं संदेश अडवण्याचा अधिकारही सरकारलाच. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव केला, तो आपल्या वर्ध्यातच. असा ठराव करणाऱ्या माणसांनी मनातलं सगळं त्या फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलण्यासारखंच होतं.

म्हणजे फोन थेट होता, पण गुप्त नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आजही त्यांची गल्लत करतो.

मोठ्यांचे फोनही ऐकले जायचे

त्याच काळात अमेरिकेचे रूझवेल्ट आणि ब्रिटनचे चर्चिल अटलांटिकच्या दोन टोकांवरून रेडिओ-टेलिफोनवर बोलायचे. आवाज तोडून-मोडून पाठवणारं यंत्र मध्ये होतं. तरी जर्मनांनी ती पद्धत ओळखली आणि ते संभाषण ऐकू लागले. मग १९४३ मध्ये सिगसाली नावाची यंत्रणा आली. वजन पन्नास टनांहून जास्त! बोलणाऱ्याच्या आवाजाचे आधी आकडे करायचे आणि त्यात एका तबकडीवर नोंदवलेला निव्वळ खरखराट मिसळायचा. तशीच जुळी तबकडी दुसऱ्या टोकाला. ती तिकडे बरोबर त्याच क्षणी फिरवली की खरखराट वजा होऊन आवाज उरायचा. वापरलेली तबकडी नष्ट करायची, पुन्हा कधीच वापरायची नाही.

१९६३ ची मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाइन सिनेमात लाल फोन म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात तो फोन नव्हताच. ते टेलिप्रिंटर होते, आणि त्यांच्यात एकदाच वापरायच्या किल्लीची कागदी पट्टी होती. किल्ली खरोखर यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेली असेल, संदेशाइतकीच लांब असेल आणि एकदाच वापरली, तर तो संदेश फोडता येत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. अडचण एकच: तेवढी किल्ली आधी दोन्हीकडे पोचवायची कशी?

उघड्या कुलपाची युक्ती

आता ही युक्ती नीट ऐका, कारण तुमच्या फोनचं कामही याच विचारावर चालतं.

समजा, मला पुण्यातल्या मित्राला गोरसपाकाचा डबा पाठवायचाय आणि वाटेत कुणी हात मारायला नको. मी कुलूप लावून पाठवलं तर किल्ली कशी पाठवू? म्हणून उलटं करायचं. मित्रानं मला आपलं उघडं कुलूप पाठवायचं, किल्ली स्वतःकडेच ठेवून. मी डबा भरतो, त्याचं कुलूप दाबून बंद करतो. आता मलासुद्धा तो उघडता येत नाही. कुलूप साऱ्या जगानं पाहिलं तरी चालतं, कारण किल्ली प्रवास करतच नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी हा विचार जगापुढे मांडला.

व्हॉट्सॲपनं २०१६ मध्ये सगळ्यांसाठी लागू केलेलं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन याच घराण्यातलं. मधला सर्व्हर फक्त बंद डबा पुढे ढकलतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. पण डबा कुणी, कुणाला, किती वाजता पाठवला, हे हमालाला दिसतंच. याला मेटाडेटा म्हणतात. सरकारी आणि लष्करी कामात तेवढ्यावरूनही पुष्कळ काही कळतं.

मग सरकार काय वापरतं?

भारत सरकारात गोपनीय कागदांचे चार दर्जे आहेत: टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. नियम असा, की वरचे दोन इंटरनेटवरून पाठवायचेच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी बंद लाइन आणि डीआरडीओच्या सायंटिफिक ॲनालिसिस ग्रुपच्या दर्जाचं एन्क्रिप्शन लागतं. खालचे दोन इंटरनेटवरून जाऊ शकतात, पण एईएस-२५६ तरी हवं. २५६ म्हणजे किल्लीची लांबी. एकूण शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. एकेक किल्ली लावून बघत बसणं हा विषयच संपला.

साध्या सरकारी गप्पांसाठी एनआयसीनं 'संदेस' हे ॲप काढलंय. २०२२ मध्ये एनआयसीनं कर्मचाऱ्यांना हेही बजावलं, की आतली कागदपत्रं खासगी क्लाउडवर चढवू नका आणि मोबाइलच्या बाहेरच्या स्कॅनर ॲपनं स्कॅन करू नका.

आपलंच यंत्र, आपलाच सर्व्हर हा हट्ट कशाला? त्याचं उत्तर क्रिप्टो एजी. ही स्विस कंपनी शंभराहून जास्त देशांना गुप्त संदेशाची यंत्रं विकायची. ग्राहकांत भारतही होता, पाकिस्तानही. २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं, की १९७० पासून ती कंपनी छुपेपणानं अमेरिकेच्या सीआयए आणि जर्मनीच्या गुप्तचर संस्थेच्या मालकीची होती. कुलूप विकणाऱ्याकडेच दुसरी किल्ली!

कुलूप शाबूत, तरी घर उघडं

आता मामीकडे वळू. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी सिग्नल ॲपवर येमेनमधल्या हल्ल्याच्या गप्पा मारल्या, आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एक पत्रकार संपादक जोडला गेला. सिग्नलचं एन्क्रिप्शन कुणी फोडलं नाही. त्यानं आपलं काम चोख केलं, म्हणजे त्या पत्रकारापर्यंतही संदेश सुरक्षितपणे पोचवले!

आपल्याकडे मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसनं अटक केली. परदेशी हेर महिलेशी चॅटवर संवेदनशील माहिती बोलल्याचा आरोप आहे. आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवेल. पण तपास यंत्रणांचं म्हणणं बघा: गणित फोडल्याचा आरोप नाही, माणूस गाठल्याचा आहे.

आमच्या गावच्या यादीचंही तसंच झालं. कार्यालयातून पहिल्या ग्रुपपर्यंत ती कुलपात गेली. तिथून दुसऱ्या ग्रुपपर्यंतही कुलपातच. प्रत्येक फॉरवर्ड एन्क्रिप्टेड होता. एन्क्रिप्शन वाट सांभाळतं. वाट जिथे संपते तिथे माणूस असतो, आणि त्याच्या अंगठ्याला कुलूप नसतं.

हे आपल्या जिल्ह्यात जास्तच लक्षात ठेवायला हवं. पुलगावला देशाचा मोठा दारूगोळा डेपो आहे. कुणाचा भाऊ तिथे कामाला, कुणाची बहीण दवाखान्यात, कुणी तहसीलमध्ये डाटा ऑपरेटर. 'संवेदनशील संस्था' म्हणजे दिल्लीतली कुठली इमारत नाही, आपल्याच घरातले मोबाइल आहेत.

म्हणून चार साध्या गोष्टी. कामाची यादी खासगी ग्रुपवर नको, आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते महिन्यातून एकदा तरी बघा. नाव आणि आजार एका कागदावर पाठवू नका, नोंदणी क्रमांकानं भागतं. चॅटच्या बॅकअपला वेगळं एन्क्रिप्शन असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा. आणि दुसऱ्याची यादी तुमच्याकडे आली तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला फोन करून 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला लावा, वेळ निघून जायच्या आत.

मामेबहिणीचं काय झालं, असं विचाराल. ज्यांच्याशी बोलणी चालली होती त्यांनी नंतर फोन उचलला नाही. कारणही सांगितलं नाही. ती आता ठणठणीत आहे, नोकरी करते. हा भाग तिला विचारूनच केलाय. ती एवढंच म्हणाली, "सांग सगळ्यांना. त्या दिवशी आपल्या ग्रुपमधल्या एकानं जरी फॉरवर्ड केलं नसतं, तरी मला बरं वाटलं असतं."

मी त्या ग्रुपमध्ये होतो. फॉरवर्ड केलं नाही, पण "डिलीट करा" असंही लिहिलं नाही. ते आज इथे लिहितोय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःच्या मोबाइलची आणि दुसऱ्याच्या नावाचीही.