सेशेल्स दयाळ
पॅसेरिफॉर्मिस गणाच्या म्युसिकॅपिडी कुलातील एक गायक पक्षी. भारतात सर्वत्र परिचित असलेला दयाळ व हा पक्षी एकाच वंशातील असून याचे शास्त्रीय नाव कॉप्सिकस सेशेलॅरम असे आहे. हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहाबाहेर तो निसर्गतः कोठेही आढळत नाही. ॲल्फ्रेड न्यूटन यांनी १८६५ मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले.

याची लांबी सु. २५ सेंमी. म्हणजे भारतीय दयाळापेक्षा काहीशी जास्त असते. सर्व शरीर निळसर झाक असलेले चकचकीत काळे असून पंखावर पांढरा ठळक पट्टा असतो. भारतीय दयाळाचे पोट पांढरे असते व त्याची मादी करड्या रंगाची असते; या जातीत मात्र नर व मादी सारखेच दिसतात. आवाज मधुर असतो.

दाट झाडीतील सावलीच्या, पालापाचोळ्याने आच्छादलेल्या जमिनीवर हा भक्ष्य शोधतो. कीटक, गोमी व इतर लहान प्राणी हे त्याचे मुख्य अन्न होय. तो लहान सरडेही खातो. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत त्यांच्या चोचीतून खाली पडलेले मासेही तो टिपतो. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा माडाच्या शेंड्यात असते. मादी एका वेळी एकच अंडे घालते; त्यामुळे घटलेली संख्या भरून निघण्यास फार काळ लागतो.

सेशेल्समध्ये १७७० मध्ये मनुष्यवस्ती सुरू झाली. तोपर्यंत तेथे मांजरे व उंदीर नव्हते. जमिनीवर वावरणाऱ्या या पक्ष्याला अशा शत्रूंपासून बचाव करण्याची सवय नसल्याने तो सहज बळी पडू लागला. शिवाय नारळाच्या लागवडीसाठी जंगले तोडली गेली व माणसांनी आणलेल्या साळुंक्या घरट्यांना उपद्रव देऊ लागल्या. एकामागून एक बेटांवरून तो नाहीसा झाला व १९६० नंतर सु. २ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या फ्रेगेट बेटावरच उरला. १९६५ च्या सुमारास तेथे जेमतेम १५ पक्षी होते. पुढे त्या बेटावरील मांजरांचे निर्मूलन झाले, तरी १९९० मध्येही एकूण संख्या २५ पेक्षा कमीच होती.

त्या वर्षी आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेने (सध्याची बर्डलाइफ इंटरनॅशनल) पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पूरक अन्न देणे, घरट्यांसाठी पेट्या बसविणे, साळुंक्यांचा बंदोबस्त करणे व मूळच्या झाडांची लागवड करणे हे उपाय योजण्यात आले. सर्व पक्षी एकाच बेटावर असल्यास एखाद्या आपत्तीने सबंध जाती नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून काही पक्षी कझँ (१९९४), कझीन (१९९५), आरीद (२००२) व डेनिस (२००८) या बेटांवर नेऊन सोडण्यात आले. ही दक्षता किती आवश्यक होती हे लवकरच दिसून आले. १९९५ मध्ये फ्रेगेटवर उंदीर शिरले व त्यांचे निर्मूलन होण्यास २००० साल उजाडले.

संख्या वाढल्यामुळे २००५ मध्ये ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आली. तथापि ज्या बेटांवर तिचा निभाव लागला, ती सर्व लहान आहेत. तेथे येणाऱ्या होड्यांतून व मालातून उंदीर पुन्हा शिरू नयेत म्हणून कायम दक्षता घ्यावी लागते.